आवक क्रमांक चारशे सतरा

इनामदार भाऊसाहेब गेले हे मला शोकसभेच्या रजिस्टरवरून कळलं. तेही अशा शोकसभेच्या, जिला म्हणे मी स्वतः हजर होते. सोमवारी सकाळी तास संपवून स्टाफरूममध्ये टेकते न टेकते तोच आमचे शिपाई तांबे मामा इतिवृत्ताचं ते लाल कापडी बांधणीचं रजिस्टर घेऊन आले आणि पानावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, हितं सही." मी पेनाचं टोपण काढलं. तीस वर्षं झाली, रजिस्टर पुढं आलं की हात आपोआप पेनाकडं जातो. सही कुठं करायची ते बघायला नजर खाली नेली, तर 'उपस्थित' या शब्दाखाली चौथ्या क्रमांकावर प्रा. सौ. सुनंदा थोरात, म्हणजे मी. आणि त्याच्या वर लिहिलं होतं... 'आपल्या महाविद्यालयाचे सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक श्री. रशीद इनामदार यांचे दौंड येथे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. सर्वांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली.' तारीख शनिवारची. शनिवारी त्या वेळेला मी शिरूरला माझ्या घरात मेथी निवडत होते.

"मामा, भाऊसाहेब गेले?"

"व्हय की. गुरवारी सकाळी. तुमाला ठावं न्हाई?"

"आणि ही सभा कधी झाली?"

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी कालच नोकरीला लागलेय. "सभा कुठली वो मॅडम! संस्थेच्या अहवालात ठराव पायजे म्हणून सायबांनी लिहून घेतलं. सह्या झाल्या म्हंजी झाली सभा. करा न् मोकळ्या व्हा."

बुधवार ते शुक्रवार मी दौंडलाच होते. परीक्षेवर बाहेरची पर्यवेक्षक म्हणून माझी नेमणूक होती. भाऊसाहेबांचं घर स्टेशनच्या पलीकडं, परीक्षा केंद्रापासून चालत दहा मिनिटं. तिन्ही दिवस संध्याकाळी जाईन जाईन म्हटलं आणि गेले नाही. का गेले नाही तेच सांगायला हे लिहायला घेतलंय. ठरावाच्या शेवटी सूचक म्हणून प्राचार्यांचं नाव होतं, त्याखाली अनुमोदक म्हणून आणखी एक नाव होतं. ते दुसरं नाव वाचलं आणि मी पेनाचं टोपण परत लावलं. त्या नावाचीही गोष्ट पुढं येईल, पण आधी भाऊसाहेबांची.

आमचं कॉलेज शिरूरहून चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आहे. गावाचं आणि कॉलेजचं नाव लिहीत नाही, उगाच या पुरवणीच्या संपादकांना वकिलाची नोटीस नको. आमच्याकडं ऑफिसातल्या क्लार्कला भाऊसाहेब म्हणायची रीत आहे. मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात तीन भाऊसाहेब होते, पण नुसतं भाऊसाहेब म्हटलं की इनामदारच. पिढ्यान्‌पिढ्या दौंडची माणसं. रोज दौंडहून एसटीनं पाटस, पाटसहून चौफुला, तिथून वडापची जीप, असा त्यांचा प्रवास. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की पाटसला उसाच्या ट्रॅक्टरांमागं बस अडकून पडायची आणि माणूस अर्धा तास उशिरा पोचायचा. आम्ही सगळे, मीसुद्धा, कितीही वाजता आलो तरी मस्टरवर दहा वीसच लिहायचो. भाऊसाहेब लिहायचे, 'दहा पंचावन्न, उसामुळे.' मस्टर त्यांच्याच ताब्यात, खाडाखोड करायची तर त्यांना कोण विचारणार होतं? पण नाही. एकदा मी म्हटलं, "भाऊसाहेब, कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेता?" तर म्हणाले, "मॅडम, उशीर तर झालाय. न लिहिल्यानं मी लवकर पोचलो असतो का?"

त्यांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे आवकचा शिक्का. बाहेरून आलेला कुठलाही कागद टेबलावर पडला की आधी जांभळ्या शाईचा शिक्का, मग तारीख, मग आवक रजिस्टरातला क्रमांक, मग एका ओळीत विषय. विद्यापीठाचं परिपत्रक असो, गावच्या जत्रेची पत्रिका असो, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण असो. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी त्यांच्या हातात दिली, तर गृहस्थांनी माझ्यासमोर शिक्का मारला आणि मला क्रमांक सांगितला! एकदा सूचनापेटीत कुणा पोरानं कुणा पोरीला लिहिलेली प्रेमाची चिठ्ठी निघाली. तिच्यावर शिक्का, आणि विषयात लिहिलं, 'वैयक्तिक, गोपनीय, कार्यवाही आवश्यक नाही.' आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरधरून हसलो. ते आले, शांतपणे म्हणाले, "हसा की. पण कागद आला की त्याला नंबर पायजे. नंबर नसला की कागद मरतो. आन् कागद मेला की ज्यानं लिहिला त्याला आपण सांगू शकतो, तू आलाच नव्हतास."

तेव्हा हे वाक्य मी ऐकून सोडून दिलं.

आता आमच्या कामाची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. कॉलेजात कायद्यानं बऱ्याच समित्या लागतात. रॅगिंगविरोधी समिती, विद्यार्थी तक्रार निवारण समिती, मुलींच्या आणि बायकांच्या छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती. त्यांची धोरणं, सदस्यांची नावं, फोन नंबर लोकांना दिसतील असे बोर्डावर आणि वेबसाइटवर लावावे लागतात. समित्यांनी वर्षातून ठराविक बैठका घ्याव्यात असाही नियम आहे. आम्ही बैठका कधीच घेत नसू. तपासणीची समिती येणार असं कळलं की लायब्ररीत दोन दुपारी बसायचं, चहा मागवायचा, चार रंगांची पेनं घ्यायची आणि मागच्या पाच वर्षांच्या सगळ्या बैठका लिहून काढायच्या. 'चर्चेअंती सर्वानुमते ठरले की...' यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. खोटं वाटू नये म्हणून मी मधूनच एखाद्या सदस्याला गैरहजर दाखवायची, एखाद्याकडून रजेचा अर्ज आल्याचं लिहायची. प्राचार्य कौतुकानं म्हणायचे, "मॅडमच्या बैठका एकदम जिवंत असतात." अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष ज्येष्ठ बाईच असावी लागते, आणि ज्येष्ठ बाई मीच. अकरा वर्षं मी त्या समितीची अध्यक्ष आहे आणि अकरा वर्षांत एकही बैठक झालेली नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या तपासणीआधी भाऊसाहेबांकडं वेबसाइटवरच्या धोरणांचे कागद छापून फाइल करायचं काम आलं. दुसऱ्या कुणी नुसते छापले असते. यांनी वाचले. आणि दुपारी स्टाफरूममध्ये येऊन आम्हाला विद्यार्थी सुरक्षा धोरण मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, की विद्यार्थ्यांनी भरतीच्या वेळी समुद्रात उतरू नये आणि वसतिगृहाच्या मुलींनी संध्याकाळी किनाऱ्यावर एकटं जाऊ नये. आमच्याकडं वसतिगृह नाही. समुद्र तर बघायला शंभर मैल जावं लागेल. कुणीतरी कोकणातल्या एखाद्या कॉलेजचं धोरण आख्खं उचलून फक्त नाव बदललं होतं, आणि एका पानावर तर तेही बदलायचं विसरलं होतं. खाली मंजुरीच्या सह्या होत्या सात. त्यातली एक माझी! मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. भाऊसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, आपल्या पोरीला काय झालं तर तिनं हे वाचायचं काय?"

मग ते हात धुऊन मागंच लागले. प्राचार्यांची परवानगी काढली. प्राचार्यांना काय, तपासणीला नवा बोर्ड दिसला तर बरंच होतं. भाऊसाहेबांनी कायदा आणून वाचला, आणि त्याचं सार साध्या मराठीत लिहिलं. फाटकाजवळच्या भिंतीवर निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत तो बोर्ड आजही आहे. मथळ्याखाली पहिली ओळ, 'अध्यक्ष : प्रा. सौ. सुनंदा थोरात.' मग बाकीच्या सदस्यांची नावं. मग मजकूर... 'तुम्हाला इथं कुणी त्रास दिला, मग तो विद्यार्थी असो, शिक्षक असो की ऑफिसातला असो, गप्प बसू नका. लिहून द्या. लिहायला जमत नसेल तर तोंडी सांगा. आम्ही लिहून घेऊ आणि पोच देऊ.' खाली फोन नंबर पाहिजे होता. कॉलेजचा फोन कधीचा बंद पडलेला. मी माझा नंबर द्यायला नको म्हटलं, घरी सासूबाई आजारी, वेळी-अवेळी फोन नको. भाऊसाहेबांनी स्वतःचा मोबाइल नंबर घातला. बोर्ड लागला त्या दिवशी मी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला. भावानं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

फोन यायला लागले. परीक्षेचा फॉर्म कधी, बसचा पास कुठं, वर्गात माकड शिरलंय, बोनाफाइड मिळत नाही. भाऊसाहेब प्रत्येक फोन एका वहीत लिहायचे. लोक त्यांची टिंगल करायचे, "काय भाऊसाहेब, माकडाला पोच दिली का?" बोर्ड लावला म्हणजे तो पाळायचा असतो असं त्यांना वाटत होतं. आमच्या आख्ख्या कॉलेजात असं वाटणारा तो एकच माणूस, आणि तोच आम्हाला खुळा वाटायचा.

बोर्ड लागून वर्ष झालं असेल. एका शनिवारी दुपारी, आम्ही सगळे निघून गेल्यावर, दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ऑफिसात आली. आईवडील मराठवाड्यातले, सणसवाडीला कंपनीत कामाला, तिथंच भाड्याच्या खोलीत राहायचे. मुलगी आमच्या गावात मावशीकडं राहून शिकत होती. तिचं नाव मी लिहिणार नाही. कायद्यानंही अशा मुलीचं नाव गुप्त ठेवायचं असतं, आणि एवढा एक नियम आमच्या कॉलेजनं काटेकोर पाळला. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याचंही नाव लिहीत नाही. एवढंच सांगते, की पोरांचे प्रॅक्टिकलचे मार्क त्याच्या हातात होते आणि तो संस्थेच्या सेक्रेटरींच्या नात्यातला होता. शोकसभेच्या ठरावाला अनुमोदन देणारा, तो हाच.

भाऊसाहेबांनी तिचं ऐकून घेतलं. तिनं अर्धं लिहिलं आणि अर्धं ते तिच्या शब्दांत लिहीत गेले. शिक्का मारला. आवक क्रमांक चारशे सतरा. विषय, 'अंतर्गत तक्रार समितीकडे अर्ज, गोपनीय.' तिला पोच दिली. अर्ज पाकिटात घालून, पाकीट बंद करून सोमवारी सकाळी माझ्या हातात दिलं आणि वहीत माझी सही घेतली. म्हणाले, "मॅडम, ही पहिली खरी."

पाकीट मी पर्समध्ये ठेवलं. तास संपला की उघडीन म्हटलं. तास संपायच्या आत प्राचार्यांचं बोलावणं आलं. त्यांना आधीच कळलं होतं. कसं कळलं ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या चौकशी लावली तर नाव मुलीचंच खराब होणार. आपल्याला मुली आहेत, आपल्याला कळतं." मी मान हलवली. मग म्हणाले, "सासूबाई कशा आहेत आता? अंथरुणावरच ना? तरी बरं, तुम्ही शिरूरहून जाऊन येऊन करता. संस्थेची ती लांबची शाखा आहे बघा, तिथं जागा रिकामी आहे. जायला तीन तास, यायला तीन तास. तिथं कुणा बाईमाणसाला पाठवायचं म्हणजे जिवावरच येतं मला." माझे यजमान तेव्हा पुण्याला, आठवड्यातून एकदा घरी यायचे. सासूबाईंचं सगळं माझ्याच हातात. मी पाकीट स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीती पहिले आठ-पंधरा दिवस. पुढची पाच वर्षं नुसती सवय होती.

तीन आठवड्यांनी ती मुलगी मला जिन्यात भेटली. बाजूला उभी राहिली, मी जवळ येईपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही वाचलं का?"

मी म्हटलं, "प्रक्रिया चालू आहे, बाळ."

बाळ म्हणाले मी तिला... पाकीट तोवर मी उघडलंसुद्धा नव्हतं.

वर्ष संपताना समितीचा वार्षिक अहवाल पाठवायचा असतो. त्यात एक रकाना असतो, 'प्राप्त तक्रारी.' तिथं काहीच नसलं की सरकारी भाषेत 'निरंक' लिहितात. प्राचार्यांनी भाऊसाहेबांना 'निरंक' टाइप करायला सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं. मग आवक रजिस्टरातली ती नोंद काढून टाकायला सांगितली. त्यांनी तेही नाही म्हटलं. मी तिथंच बसले होते. ते आवाज न चढवता म्हणाले, "सर, चारशे सोळाला एसटीचं पासाबद्दल पत्र हाय. चारशे अठराला विद्यापीठाचं परिपत्रक. मधला नंबर मी खाऊ कसा? ती पोरगी पोच घेऊन गेलीय." प्राचार्य म्हणाले, "इनामदार, तुम्ही क्लार्क आहात, न्यायाधीश नाही." "व्हय सर. म्हणूनच म्हणतोय, मी काय निकाल देत न्हाई. कागद आला होता एवढंच म्हणतोय." आणि मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बोलेन असं त्यांना वाटलं असणार. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते. अहवाल दुसऱ्या क्लार्कनं टाइप केला. अध्यक्ष म्हणून खाली सही मीच केली.

पुढचं सगळं झटपट झालं. ते आवक रजिस्टर 'गहाळ' झालं आणि गहाळ झाल्याचा ठपका ज्याच्या ताब्यात होतं त्याच्यावरच, म्हणजे भाऊसाहेबांवर आला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा! जी लांबची शाखा मला दाखवली होती, तिथं त्यांना पाठवलं. सत्तावन्नाव्या वर्षी, दौंडहून तीन गाड्या बदलून. मुलीनं वर्षअखेरीला दाखला काढून नेला. प्राचार्य म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला. आणि तो अनुमोदक पुढच्याच वर्षी विद्यार्थी तक्रार निवारण समितीचा सदस्य झाला. त्याच्या नेमणुकीचं इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे, अगदी जिवंत.

बदली झाल्यावर सहा महिन्यांनी मला टपालानं एक पाकीट आलं. आत टाइप केलेला एक कागद. 'प्रति, अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती. विषय : आवक क्रमांक ४१७ बाबत. स्मरणपत्र क्रमांक एक. महोदया, उपरोक्त अर्जावर काय कार्यवाही झाली ते कृपया अर्जदारास कळवावे.' खाली सही, र. इ. इनामदार. दुसरं काही नाही. कशा आहात नाही, बदलीची तक्रार नाही. मग दर जूनला आणि दर डिसेंबरला एकेक येत राहिलं. दोन, तीन, चार... निवृत्त झाल्यावरही थांबली नाहीत, फक्त टाइप केलेली होती ती हातानं लिहिलेली यायला लागली. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. सगळी त्याच कपाटात, त्याच पाकिटाच्या वर ठेवत गेले. आधी राग यायचा. म्हणायची, हा माणूस मला छळतोय. बघा हं, छळाची तक्रार ऐकायला बसवलेली बाई, आणि तिला स्मरणपत्राचा छळ वाटत होता!

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, ते निवृत्त झाले त्या वर्षी. दौंडला एका लग्नाला गेले होते, बरोबरच्या बाईंनी आग्रह केला म्हणून. हमीदा भाभींनी चहा आणि बेकरीतली खारी पुढं केली. भाऊसाहेबांनी सासूबाईंची चौकशी केली, मुलीची केली, तांबे मामांच्या गुडघ्यांची केली. चारशे सतराचा शब्द काढला नाही. फोन वाजला की उठून बाहेर जायचे, वहीत काहीतरी लिहून परत यायचे. दोन वर्षं झाली कॉलेज सोडून, आणि बोर्डावर अजून त्यांचाच नंबर. आम्ही बदललाच नव्हता, कारण बदलायचा तर कुणीतरी स्वतःचा द्यायला पाहिजे. निघताना दारात मीच न राहवून म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्हाला मी फार वाईट वाटत असेन." ते चपला शोधायला वाकले होते, मला रिक्षापर्यंत सोडायला. तसेच वाकून म्हणाले, "न्हाई मॅडम. तुमी वाईट न्हाई. तुमी नुसत्या सही करता."

पुढच्या महिन्यात नेहमीप्रमाणं स्मरणपत्र आलं. शेवटचं या डिसेंबरात आलं. अक्षर हललेलं होतं. दौंडला तीन दिवस राहूनही मी त्यांच्याकडं गेले नाही ते याच कारणानं. समोर बसून ते चारशे सतराबद्दल काही बोलले नसते. आणि न बोलता त्यांनी चहा विचारला असता, तो मला गिळवला नसता.

तर त्या सोमवारी मी पेनाचं टोपण परत लावलं. तांबे मामा घुटमळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी गेल्तो मातीला. कालिजातलं दुसरं कुनी न्हवतं. येक ती पोरगी आल्ती." मी विचारलं, कोण पोरगी. "तीच वो. सणसवाडीस्नं. कंपनीचा डरेस तसाच अंगावर. बायामान्सं दारात हुती तितं हुबी हुती. मला वळाकलं तिनं. इचारलं, थोरात मॅडम आल्यात का?"

मी तेव्हा दहा मिनिटांवर, परीक्षेच्या वर्गात कुणी कॉपी करत नाही ना ते बघत होते.

मी टोपण पुन्हा काढलं आणि माझ्या नावापुढं लिहिलं, 'ही सभा झालेली नाही. मी हजर नव्हते.' आणि सही केली. त्या रजिस्टरात माझ्या हातानं लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य. मामांनी वाचलं, "आत्ता ग बया!" म्हणाले आणि रजिस्टर छातीशी धरून गेले. पंधरा मिनिटांत प्राचार्यांचा फोन आला. आवाज तोच, मधाचा. "मॅडम, तीन महिने राहिलेत तुमचे. सन्मानानं जावं माणसानं." मी फोन ठेवला. बहादुरी नव्हे ती, माझ्या सासूबाई गेल्या वर्षीच गेल्या. आता मला धमकवायला त्यांच्याकडं काही उरलं नाही, म्हणून हे धैर्य. वरातीमागून घोडं.

मग कपाट उघडलं. स्मरणपत्रं बाजूला केली आणि तळाचं ते पाकीट पाच वर्षांनी फोडलं. दीड पान. अर्धं मुलीच्या अक्षरात, अर्धं भाऊसाहेबांच्या. काय घडलं ते मी इथं लिहिणार नाही, तो तिचा अर्ज आहे, पुरवणीतला मजकूर नाही. शेवटच्या दोन ओळी मात्र माझ्याबद्दल होत्या. भाऊसाहेबांच्या स्वच्छ अक्षरात... 'अर्जदार असेही सांगते, की समितीवर थोरात मॅडम आहेत म्हणून मी लिहून देत आहे. त्या बाई आहेत, त्या समजून घेतील.' खाली जांभळा शिक्का. चारशे सतरा. रजिस्टर गहाळ झालं, पण नंबर कागदावर होता. मी तो कागद कितीदा वाचला सांगता येणार नाही. पुढचा तास माझा होता, वर्गात गेले नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. अर्जाची, सगळ्या स्मरणपत्रांची आणि माझ्या सहीच्या 'निरंक' अहवालाची प्रत जोडून जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडं मी माझं निवेदन पाठवलंय. कागद द्यायच्या आधी मुलीला विचारलं, तिचा नंबर अर्जावर होता. ती म्हणाली, "द्या. साहेबांनी लिहिलेलं वाया नको जायला." माझ्यासाठी एक शब्द नाही. बरोबरच आहे. अधिकाऱ्यांच्या ऑफिसातून उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा त्यात मुदत संपल्याचं लिहिलेलं असेल, असं मला वाटतं. मुदत कशी संपवायची हे मी जवळून पाहिलंय.

हमीदा भाभींकडं जायचं मात्र धाडस होत नव्हतं. काल सकाळी बसमधून उतरले आणि फाटकातून आत जाता जाता बोर्डापाशी थांबले. पत्र्याला कडेनं गंज चढलाय, अक्षरं शाबूत आहेत. दोन मुली शेजारी उभ्या राहून चिंचा खात होत्या. मी खालचा नंबर बघून मोबाइलवर एकेक आकडा दाबला. तो माझ्या फोनमध्ये होताच की, पण बोर्डावरूनच लावावासा वाटला. बंद असेल असं धरून चालले होते. वाजला. दोनदा वाजला आणि उचलला.

"बोला. इनामदार सायबांचा नंबर हाय. सायब वारले, पर नंबर चालू हाय, बोर्डावर हाय ना तो." भाभींचा आवाज. माझं नाव सांगायचं राहून गेलं. त्यांना वाटलं कुणी मुलगी असेल. आवाज एकदम मऊ झाला. "घाबरू नको, बेटा. लिहायचं न्हाई काय, नुसतं सांग. मी लिहून घेते."

"लिहून घ्या," मी म्हणाले.

"थांब हां, वही घेते..." काहीतरी सरकल्याचा आवाज आला, पान उलटल्याचा आला. "हां, बोल. तक्रार कुणाबद्दल हाय?"

मी मान वर केली आणि बोर्डावरची पहिली ओळ वाचून दाखवली.